तट्टाकरितां हलतें ठाण

आपल्या शेतकरी मंडळीच्या गेल्या मासिक सभेंत मीं तट्टांच्या निवाऱ्याचा विषय काढला, तेव्हां थोडा हंशा पिकला. "ट्रॅक्टरचा हप्ता कसा भरावा ही आम्हांस विवंचना, आणि भाऊसाहेबांस तट्टाची पाग बांधावयाची आहे," असें एका सभासदांनीं म्हटलें, व अध्यक्षांनीं विषय पुढील सभेवर टाकला. सभेंत जें सांगतां आलें नाहीं तें येथें सविस्तर लिहीत आहें. माझें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. घोड्यांचा मी जाणता नव्हे. परंतु जें डोळ्यांनीं पाहिलें, जें उभें राहून बांधून घेतलें व ज्याचा खर्च वहींत मांडून ठेविला, तेवढेंच वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हें तट्टू आहे कोणाचें, तें पाहूं. आपल्या परभणी जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या दारीं घोडें आतां क्वचितच दिसतें. पाटील-देशमुखांच्या वाड्यांतील पागा पडून गेल्या. बाजाराच्या दिवशीं तट्टावर गोण्या लादून नेणारा वाणी मोटारसायकलीवर बसला. सन २०१२ च्या पशुगणनेंत साऱ्या देशांत घोडे व तट्टें मिळून सव्वासहा लाखांच्या घरांत होतीं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत तीं अवघीं ३ लाख ४० हजारांच्या सुमारास भरलीं. सात वर्षांत शेंकडा ४५ हून अधिक घट! एवढ्या अल्प काळांत एवढी घट माझ्या नोकरींतील कोणत्याहि रकान्यांत मला आढळली नव्हती.

असें असूनहि एक तट्टू दरसाल आपल्या बांधावर येतें, व तें आपण पाहून न पाहिल्यासारखें करितों. तें धनगराचें तट्टू. सुगी आटोपून वावरें रिकामीं झालीं कीं मेंढ्यांचे वाडे उतरूं लागतात. मेंढरांच्या पुढें कुत्रीं, मागें बायामाणसें, आणि मध्यें दोनचार बुटकीं घोडीं; त्यांच्या पाठीवर पालाच्या काठ्या, तवा-तपेलीं, पायांस दोरी बांधलेल्या कोंबड्या, चालतां न येणारीं कोकरें व कधीं कधीं घरांतील तान्हें मूलसुद्धां. ह्याच तट्टांच्या जातीला भीमथडी म्हणतात. भीमेच्या खोऱ्यांतील हीं काटक जनावरें मराठ्यांच्या फौजेचा कणा होतीं, हें सर्वांस ठाऊक आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२३-२४ सालीं भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. घोड्यांच्या नोंदलेल्या देशी जातींत ती आठवी. कै. राजा बढे यांच्या ज्या गीतास २०२३ सालीं राज्यगीताचा मान मिळाला, त्यांतहि ह्या तट्टांचा उल्लेख आहे. शाळेच्या पटांगणांत आपण तें गीत उभें राहून ऐकतों, आणि तट्टू आपल्याच वावरांत पावसांत उभें असतें.

मेंढ्या बसविण्याचा करार कसा होतो, हें वाचकांस मीं सांगावयास नको. रात्रींचा दर ठरतो. कोठें रोख, कोठें ज्वारी. लेंडी व मूत जागच्या जागीं जमिनींत मुरतें, गाडीभाडें लागत नाहीं, आणि तीं वावरें पुढें दोनतीन पिकें निराळीं ओळखूं येतात. करारांत मेंढ्यांच्या पाण्याचा विचार असतो, धनगराच्या जळणाचा व पिठाचाहि असतो. तट्टाचा नसतो. मीहि तो कधीं केला नव्हता.

सन २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या पूर्वार्धांत मराठवाड्यावर जी गारपीट झाली, ती कोणी विसरला असेल असें वाटत नाहीं. त्या दिवसांत पालम तालुक्यांत गोदेच्या थडीस असलेल्या माझ्या वावरांत एक वाडा उतरला होता. शंभर-सवाशें मेंढ्या, दोन बिऱ्हाडें, एक कुमाईत घोडी व तिचें महिना-दीड महिन्याचें शिंगरूं. ती घोडी माळेगांवच्या यात्रेंत घेतली होती असें धनगर मोठ्या कौतुकानें सांगे. तिसरे प्रहरीं आभाळ काळेंनिळें झालें तेव्हां तो माझ्याकडे आला व म्हणाला, "भाऊसाहेब, गोठ्याच्या एका कोपऱ्यांत शिंगराला तेवढी जागा द्या. घोडी राहील बाहेर." गोठ्यांत माझे बैल व दोन म्हशी होत्या. घोडें लाथ मारील, जनावरांस एखादा रोग लावील, शिवाय माणूस अनोळखी. असें मनांत आणून मीं नाहीं म्हटलें व लिंबाखालीं बांधण्यास सांगितलें.

रात्रीं गारा आल्या. घोडीला अगाडी-पिछाडी बांधलेली होती. ती बिथरली, पुढचा दोर तुटून पायांत अडकला, व त्या धडपडींत शिंगरूं तिच्या खालीं आलें. सकाळीं शिंगरूं मेलेलें होतें आणि घोडी तीन पायांवर उभी होती. धनगर मला एक शब्द लावून बोलला नाहीं. पंचनामा होईल का, एवढेंच त्यानें विचारिलें. मीं कचेरींतल्या आवाजांत उत्तर दिलें कीं, "तुमच्या गांवच्या तलाठ्याकडे जा." वास्तविक जनावर जेथें दगावलें तेथेंच पंचनामा व्हावयाचा. हें न कळण्याइतका मी नवखा नव्हतों. त्याच आठवड्यांत गांवोगांवचे पंचनामे माझ्या टेबलावर येत होते. घोडीवरचें ओझें माणसांच्या डोक्यावर घेऊन तो वाडा दुसऱ्या दिवशीं निघून गेला. त्यानंतर माळेगांवच्या यात्रेंत मी त्यास दोन वर्षें शोधिलें. तो भेटला नाहीं, व माझ्या वावरांत पुन्हां उतरलाहि नाहीं.

आतां एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. घोडें गोठ्यांत न घेण्यांत मी सर्वस्वीं चुकलों होतों असें नाहीं. घोड्यांस सरा नांवाचा रक्ताचा रोग होतो. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. गाईम्हशींच्या अंगांत तो पुष्कळदां लक्षण न दाखवितां राहतो, घोड्यास मात्र बहुधा जिवावर बेततो. म्हणजे भय माझ्या बैलांपेक्षां त्याच्या घोडीलाच अधिक होतें. ग्लँडर्स हा दुसरा रोग घोड्यापासून माणसालाहि होऊं शकतो. घोड्याच्या नाकांतून चिकट स्राव व अंगावर गाठी दिसल्या तर पशुवैद्यांस कळविणें कायद्यानेंच आवश्यक आहे. तेव्हां घोड्यास निवारा हवा, परंतु तो गोठ्यापासून दूर हवा. आणि वाडा आज ह्या वावरांत तर परवां त्या वावरांत, म्हणून निवाराहि जागचा उचलतां आला पाहिजे. पक्क्या बांधकामाचा येथें उपयोग नाहीं. हलत्या ठाणाची कल्पना मला एवढ्याच विचारानें सुचली.

पहिलें ठाण मीं लांकडी चौकटीवर पत्रे ठोकून केलें. तें चौघांनाहि उचलेना. वैशाखांत आंत भट्टी व्हावयाची, आणि पावसाचा पहिला ताशा पत्र्यावर वाजतांच आंतलें तट्टू बाहेर पडावयास बघे. पत्रे शेवटीं कोंबड्यांच्या खुराड्यास लागले. दुसरें बांबूचें केलें, पण त्यास तिरपे आधार दिले नव्हते. एका वावटळीनें तें शेजाऱ्याच्या उंसांत नेऊन टाकलें. सुदैवानें आंत जनावर नव्हतें. तिसरें आज टिकून आहे, त्याची रीत पुढें देतों.

तीन बाजूंस तीन ताट्या. प्रत्येक ताटी ८ फूट लांब व ५ फूट उंच. धनगराचें तट्टू खांद्याशीं चार-सवाचार फूट भरतें, त्यास ही उंची पुरते, व ८ फूट लांबी-रुंदींत तें वळूं शकतें आणि आडवेंहि होऊं शकतें. ह्या आडवें होण्याचें महत्त्व पुष्कळांस ठाऊक नसतें. घोडें उभ्यानें झोंपतें, मग त्यास ठाण कशाला, असा प्रश्न सभेंतहि निघाला होता. घोडें उभ्यानें डुलकी घेतें हें खरें. परंतु गाढ झोंपेकरितां त्यास थोडा वेळ तरी जमिनीवर अंग टाकावें लागतें. आपल्या काळ्या रानांत पावसाळ्यांत जो राडा होतो त्यांत तें अंग टाकीत नाहीं. रात्रीमागून रात्र उभें राहून तें खंगतें, खुरांच्या तळव्यांत ओल राहून घाण वास येऊं लागतो, व मग लोक म्हणतात कीं धनगर जनावरास नीट खावयास घालीत नाहीं.

ताटीची चौकट जाड बांबूची करावी व तींत दोन तिरपे बांबू कैचीसारखे बांधावे. मध्यें तुराट्या उभ्या भरून काथ्यानें आवळाव्या. खालचे दोन फूट मात्र बुरुडाकडून बांबूच्या कांबींनीं घट्ट विणून घ्यावे. तट्टू लोळतांना खूर फटींत गेला तर पाय मोडतो. खिळा एकहि वापरूं नये. घोड्याच्या जातीला धनुर्वाताचें भय फार, आणि लिदींत त्याचें बीज असतेंच. सर्व सांधे दोरीचे असावे, गांठी बाहेरच्या बाजूस घ्याव्या, बांबूचीं कापलेलीं टोकें तासून गोंणपाटानें गुंडाळावीं. चौथी बाजू मोकळी ठेवून तेथें दोन आडवे अडणे सरकवावे. ह्या व्यवस्थेंत अगाडी-पिछाडीची गरज राहत नाहीं, आणि २०१४ सालीं माझ्या वावरांत जें झालें तें दोरानेंच झालें होतें.

चार खांबांपैकीं पुढचे दोन ८ फुटांचे, मागचे दोन साडेसहा फुटांचे. म्हणजे छपरास आपोआप उतार मिळतो, व ताटीच्या वर दीड फुटापासून तीन फुटांपर्यंत वारा खेळण्यास जागा राहते. ही जागा बंद करूं नये. थंडीच्या दिवसांत माणसास वाटतें कीं जनावर गारठेल. आपल्याकडे पहांटे पारा कधीं कधीं पांच अंशांखालींहि जातो, हें खरें. परंतु सुकें घोडें थंडी सोसतें, आणि कोंडलेल्या जागेंत मुताचा जो झोंबणारा वायु सांठतो तो त्याच्या फुप्फुसांस अधिक बाधतो. छपरावर आधीं तुराट्यांची एक पातळ ताटी व तिच्यावर ताडपत्री. नुसती ताडपत्री ताणली तर गारांच्या भारानें तिची झोळी होते, पाणी सांठतें व ती मध्यें फाटते.

उघडी बाजू पावसाळ्यांत पूर्वेस करावी, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. वैशाखांत मात्र पश्चिमेची ताटी तेवढी ठेवून बाकीच्या दोन सोडून टाकाव्या. मग ठाणाचें नुसतें मांडव होतें, आणि तट्टू तर तट्टू, मालकहि दुपारीं तेथें येऊन टेकतो.

वाऱ्यास आवरण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत लोण्यासारखी होते. दोन्ही वेळीं उभा ठोकलेला खुंट धरीत नाहीं. म्हणून लोखंडी खुंट दीड हात लांबीचे, बाहेरच्या अंगास कललेले ठोकावे, व शिवाय प्रत्येक खांबाच्या बुडाशीं मातीनें भरलेलें एकेक पोतें दोरीनें बांधावें. पोतें जागेवर भरावें व जागेवरच रिकामें करावें, म्हणजे वाहून नेण्याचें ओझें वाढत नाहीं. खांब जमिनींत पुरूं नयेत. खापरावर किंवा चपट्या दगडावर टेकवावे, नाहींतर वाळवी एका हंगामांत फडशा पाडते.

जमिनीवर वीतभर मुरूम पसरून त्यावर सोयाबीनचें कुटार किंवा वाळलें गवत घालावें. बुरशी आलेलें कुटार मात्र घालूं नये. तट्टू अंथरुणहि खातें, आणि घोड्यास वांति होत नाहीं. एकदां पोटांत गेलें तें बाहेर येत नाहीं.

ह्याच कारणास्तव ताटी कशाची भरावी ह्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. नदीनाल्याकांठीं बेशरमीचें रान फुकट मिळतें व आपण तिच्या काठ्यांचे कूड सर्रास करितों. बेशरम जनावरास विषारी आहे, आणि तट्टाला तर उभ्या उभ्या लांकूड कुरतडण्याची खोड असते. एरंडाच्या काठ्याहि नकोत. एरंडीचें बी घोड्यास फार घातक. कण्हेरीच्या कुंपणालगत ठाण मांडूं नये, तिचीं थोडीं पानेंसुद्धां जीव घेतात. पऱ्हाट्या कोणाच्या मनांत येतील, पण त्यांवर हंगामभर औषधें मारलेलीं असतात. शिवाय पऱ्हाट्या रचून ठेविल्यानें गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून कृषिखातें त्या ठेवूं नका असें घसा फोडून सांगत आहे. तुराट्या ह्या सर्वांत निर्धोक. कांटेरी तारेचें नांवहि काढूं नये.

खर्च माझ्या वहींतला असा आहे. बांबू २० नग, दर १२० प्रमाणें २,४०० रुपये, ताडपत्री १,३००, काथ्या व सुतळी ३५०, लोहाराकडून सहा खुंट ४८०, बुरुडाची दोन दिवसांची मजुरी १,२००. एकूण ५,७३० रुपये. तुराट्या, पोतीं व मुरूम घरचें. सर्व सामान एका बैलगाडींत मावतें, एक ताटी दोघे सहज उचलतात, आणि हात बसल्यावर पाऊण तासांत ठाण उभें राहतें. तुराट्या दोन वर्षांनीं बदलाव्या लागतात, ताडपत्री तिसऱ्या वर्षीं. खतावर एका हंगामांत आपण जो पैसा घालतों त्यापुढें हा आंकडा जड नाहीं, असें मला वाटतें. ज्याला वाटेल त्यानें स्वतःच्या खताच्या पावत्या काढून पाहाव्या.

परदेशांत घोड्यांची अतिशय ठेंगणी जात हौसेनें पाळतात. अमेरिकेंत १९७८ सालीं तिच्याकरितां एक संघच स्थापन झाला, व खांद्याशीं ३४ इंचांहून उंच घोडें तो नोंदीस घेत नाहीं. ह्या ठेंगणेपणामागें सारी हौसच होती असें नव्हे. विलायतेंत १८४२ च्या कायद्यानें स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलांस कोळशाच्या खाणींत उतरविण्याची बंदी झाली, तेव्हां त्यांच्या जागीं शेटलंड बेटांवरचीं बुटकीं तट्टें खालीं उतरविलीं, व त्यांतलीं कित्येक वर्षेंच्या वर्षें दिवसाचा उजेड न पाहतां राबलीं. आपल्याकडेहि जत्रेंत मुलांना फिरविण्यासाठीं कोणी कोणी तशीं लहान घोडीं बाळगूं लागले आहेत. त्यांस हेंच ठाण ६ फूट लांबी-रुंदीचें व ताटी ४ फूट उंचीची केली म्हणजे पुरे. बांबूहि कमी लागतात. मात्र लहान जनावर लहान फटींतून पाय घालतें, म्हणून कांबींची वीण अधिक दाट हवी.

आतां मंडळीकडे माझें मागणें. मंडळीनें अशा ठाणांचे चार संच करावे व जो सभासद मेंढ्या बसवील त्यास ते रात्रींच्या नाममात्र भाड्यानें द्यावे. भाडें शेतकऱ्यानें भरावें, धनगराकडून घेऊं नये. सामान परत येणार नाहीं अशी शंका एका कार्यकारी सभासदांनीं खाजगींत बोलून दाखविली. शंका रास्त आहे. मंडळीची फवारणीची दोन यंत्रें व एक ताडपत्री कोणाच्या घरीं आहे हें मला ठाऊक आहे, येथें लिहीत नाहीं. त्यास उपाय म्हणजे अनामत घ्यावी व आवक-जावक नोंदवही ठेवावी. ती वही मी विनामूल्य ठेवीन. दुसरें असें कीं, मेंढ्या बसविण्याच्या करारांत ह्यापुढें तट्टाचें ठाण व रोजची अर्धा किलो भिजविलेल्या हरभऱ्याची चंदी हें कलम असावें. चंदी अर्ध्या किलोहून अधिक देऊं नये, एकदम तर मुळींच नाहीं. उपाशी तट्टास ओंजळी भरभरून दाणा घालणारा दयाळू मनुष्य त्यास पोटशूळानें मारतो.

कोणी म्हणेल कीं, धनगर स्वतः उघड्यावर राहतो त्याचें काय. खरें आहे, आणि त्याचें उत्तर ह्या लेखांत नाहीं. पण गेल्या पौषांत माझ्या वावरांत जो वाडा उतरला त्यांतील म्हातारी हें ठाण निरखून म्हणाली, "घोडी उभी हाय तवर आमचं बिऱ्हाड उभं, भाऊसाहेब." रात्रीं तिनें आपलीं तीन कोकरें व एक नातूहि त्याच ठाणांत घोडीजवळ निजविला. सकाळीं मीं पाहिलें तेव्हां घोडी आडवी पडून झोंपली होती.

माझा संच खळ्यांतील मांचीवर रचून ठेविलेला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मृगापूर्वीं कोणत्याहि सोमवारीं यावें. त्या दिवशीं बुरूडहि बाजाराकरितां गांवांत असतो, त्याच्याकडून विणीचा भाव तेथल्या तेथें ठरवितां येईल. येतांना गाडी आणल्यास संच एका पंधरवड्याकरितां नेतां येईल. अनामत ५०० रुपये, पावती मिळेल.